फ्रांता आपणहून हलत नाही

१

व्हेन्देलीन कुबाट सोमवारी सकाळी गेला, आणि त्याला कोणी मारलं हे गावाने दुपारच्या जेवणाआधी ठरवूनही टाकलं.

आमच्या डोंगरातली ही गावं काचेवर जगलेली. पूर्वी माणसं फुंकणीत श्वास ओतून काच फुगवायची. आता दाबयंत्र वाडगी काढतं आणि ती धगधगती वाडगी उचलून थंडाव्याच्या भट्टीकडे जाणाऱ्या पट्ट्यावर ठेवायचं काम यंत्राचा हात करतो. कामगारांनी त्या हाताचं बारसंही केलं होतं. फ्रांता. कारखान्यात दोन फ्रांता होते, एक थोरला, एक धाकटा. दोघांभोवती जाळीचा पिंजरा. पिंजऱ्याचं दार उघडलं की वीजच तुटते. पण पट्टा जिथून बाहेर पडतो तिथलं तोंड उघडं. काच बाहेर यायची तर तिला वाट हवीच.

वाडगं हातातून निसटलं की फ्रांता जागच्या जागी थांबायचा. लाल दिवा लागायचा, भोंगा बोंबलायचा. मग तुकडे काढायचे आणि पिंजऱ्याच्या पलीकडच्या खांबावरचं हिरवं बटण दाबायचं. ते दाबलं की फ्रांता पुन्हा कामाला. नियम असा की तुकडे दार उघडून काढावेत. पण दार उघडलं की सगळं पहिल्यापासून चालू करत बसावं लागतं, म्हणून सगळेच पट्ट्याच्या तोंडातून आत वाकून चिमट्याने तुकडे ओढायचे. सगळ्यांना हे ठाऊक होतं, वरच्यांनाही.

त्या सोमवारी थोरल्या फ्रांताने वाडगं टाकलं. व्हेन्देलीन छातीपर्यंत आत वाकला. आणि फ्रांता हलला. डॉक्टर आला तेव्हा त्याला करायला काही उरलं नव्हतं.

बटणाच्या खांबापाशी त्या क्षणी एकच माणूस होतं. स्तेफा, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीने आणलेली परदेशी बाई.

मी झ्देना मारेशोवा, जिल्ह्याच्या श्रम-तपासणी कचेरीत यांत्रिक अपघातांची चौकशी करते. मी मंगळवारी पोचले. डायरेक्टर पेलिकान यांनी माझ्यासमोर कॉफी आणि उत्तर दोन्ही एकदमच ठेवलं.

"इंजिनिअरबाई, यात चौकशी करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "फ्रांता आपणहून हलत नाही. बटण दाबलं तरच हलतो. बटणापाशी ती होती. ती म्हणते, मी दाबलं नाही. आता तुम्हीच सांगा."

पोलिसांच्या तंत्रज्ञाने फ्रांताची आज्ञावली तपासली होती. तिच्यात काडीचाही दोष नव्हता. बिघाड झाला की थांब आणि बटणाची वाट बघ, असं तिच्यात स्वच्छ मांडलेलं होतं.

मी स्तेफाचा पत्ता विचारला. ती एजन्सीच्या वसतिगृहात होती, पासपोर्ट पोलिसांकडे. त्याच सकाळी व्हेन्देलीनची बायको ब्लाझेना तिथे जाऊन सगळ्यांदेखत तिच्या तोंडावर थुंकून आली होती. बघणाऱ्यांपैकी कोणी जागचं हललं नव्हतं.

२

स्तेफा चाळिशी ओलांडलेली, रुंद हाडाची, कार्पेथियन डोंगरांपलीकडच्या एका खेड्यातली. आमची भाषा चांगली बोलायची, फक्त हेल तिचा. मी गेले तेव्हा ती खाटेवर बसली होती, पिशवी भरून पायाशी ठेवलेली. मी खुर्ची ओढली तर तिने आधी फडक्याने ती पुसली.

तिची हकीकत साधी होती. एका पाळीला दोन्ही फ्रांतांची बटणं तिच्याकडे, शिवाय पट्ट्याच्या टोकाला वाडगी खोक्यात भरायचं कामही तिच्याकडेच. पूर्वी प्रत्येक बटणापाशी एक माणूस असायचं, ते काढून टाकलं होतं. सोमवारी घसा कोरडा पडला म्हणून ती पाणी प्यायला खांबापाशी आली, तिची बाटली तिथेच अडकवलेली असे. भोंगा वाजत होता. व्हेन्देलीन आत वाकलेला तिला दिसला. मग भोंगा थांबला, आणि पुढचं तिला सांगता येईना.

"बटणाला तुमचा चुकून धक्का लागला असेल?"

"नाही. एका हातात बाटली होती, दुसऱ्यात झाकण." मग ती म्हणाली, "त्या बटणाला मी कितीतरी दिवस हातच लावलेला नाही."

मी लिहायचं थांबवलं. वाडगी पडत नव्हती का, असं विचारलं. रोज पडतात, ती म्हणाली. मग दिवा कोण विझवतं?

"विझतो. आपला आपण."

मी तिला समजावलं की आज्ञावली मी स्वतः पाहिली आहे, तसं होणं शक्य नाही. तिने मान डोलावली, जणू मी तिचीच बाजू मांडत होते.

"म्हणून तर पोलिसांना सांगितलं नाही. खुनी म्हणतातच, वर वेडीही म्हणतील."

परतताना मी त्याच विचारात होते. खोटं बोलणारा माणूस सुटायला खोटं बोलतो. या बाईचं खोटं तिला आणखी रुतवणारं होतं. घाबरून चुकून दाबलं म्हणाली असती, तर अर्धं गाव तिला माफ करून मोकळं झालं असतं. म्हणजे एक तर ही बाई जगावेगळी मूर्ख होती, नाहीतर फ्रांता खरोखरच आपणहून हलला होता.

३

दुसऱ्या दिवशी मी खोकी बांधणाऱ्या बायकांच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांचं टेबल पिंजऱ्यांकडे पाठ करून असल्यामुळे त्यांनी सोमवारी काहीच पाहिलं नव्हतं. मात्र ऐकलं भरपूर होतं.

यर्मिला नावाची त्यांची पुढारीण सांगत होती की पूर्वी तो भोंगा डोकं उठवायचा. कोणी बटणापाशी पोचेपर्यंत गाढवासारखा ओरडत राहायचा. पण वसंतापासून थोरल्याचा भोंगा दोन-चार श्वास वाजतो की गप्प. धाकट्याचा मात्र अजून तसाच रडतो.

"बघा ना, थोरल्याच्या बटणाशी त्या स्तेफाचा हात कसा चालायचा," यर्मिला म्हणाली. "पाकीटमाराचा चालतो तसा. सवयच लागलेली. भोंगा वाजला रे वाजला की दाब. त्या दिवशी माणूस आत आहे की नाही हे बघायलाही थांबली नाही."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. मी विचारलं, भोंगा गप्प व्हायचा तेव्हा स्तेफा बटणाशी असायची हे कोणी डोळ्यांनी पाहिलंय का? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पाठ असते आमची, यर्मिला म्हणाली, पण दुसरं कोण असणार?

तिथून मी डायरेक्टरांबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. फाटकाच्या आत एक फलक होता, कुठल्या पाळीत यंत्रं सर्वांत कमी थांबली ते सांगणारा. सगळ्यात वर व्हेन्देलीनच्या पाळीचं नाव, अजून कोणी उतरवलेलं नव्हतं. पेलिकान जरा गहिवरले. म्हणाले, हिवाळ्यात हीच पाळी तळाला होती. व्हेन्देलीनचा गुडघा कामातून गेलेला, फ्रांता थांबला की लंगडत जायचा, तुकडे काढायचा, मग स्तेफाची वाट बघत उभा. त्याला फाटकावरच्या खोलीत बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. आणि मग वसंतात त्याने कमाल केली.

"कशी केली?"

"ते मी विचारलं नाही. मी पाळीप्रमुखांना एवढंच सांगतो की लाल दिवा कमी दिसला पाहिजे. कसा ते त्यांनी बघावं."

मागच्या अंगणात फुटकी काच नेणारी गाडी भरत होती. मी चालकाला विचारलं, थोरल्याकडची फूट वसंतापासून कमी झाली का? तो हसला. म्हणाला, कमी कुठली, पिंपं तेवढीच भरतात, माझ्या पाठीला विचारा.

म्हणजे वाडगी पूर्वीइतकीच पडत होती, आणि फ्रांता मात्र थांबत नव्हता. थांबायचा, पण कोणाला दिसेल इतका नाही. बटण दाबायला बाई आलेली कोणी पाहिली नव्हती. तरी दिवा विझत होता.

४

व्हेन्देलीनच्या पाळीचा प्रमुख लुमीर झाक मला कारखान्यात भेटला नाही. तो कुबाटच्या घरी होता.

आमच्याकडे पाळीप्रमुखाला मिस्त्री म्हणतात, आणि लुमीर अगदी मिस्त्री शोभेल असा, बुटका, दणकट, भुवया भट्टीने कायमच्या जळालेल्या. व्हेन्देलीन आणि तो एकाच दिवशी शिकाऊ म्हणून कामाला लागले होते. एकमेकांच्या लग्नात साक्षीदार. आता तो व्हेन्देलीनच्या अंगणात हिवाळ्याची लाकडं फोडत होता आणि फोडलेली भिंतीशी इतकी नीट रचत होता की जणू त्याला कोणी ओळंबा लावून बघणार आहे.

ब्लाझेनाने मला रम घातलेला चहा आणि बाबोव्का केकचा तुकडा दिला आणि सांगितलं, बोला काय ते, पण त्या बाईचं नाव माझ्या अंगणात काढू नका. मग ती आत गेली.

लुमीर स्तेफाबद्दल वाईट बोलला नाही. उलट एकटा तोच तिची बाजू घेत होता. मुद्दाम केलं नसेल तिने, तो म्हणाला, घाई झाली असेल, दोन-दोन फ्रांता एका बाईच्या गळ्यात बांधल्यावर दुसरं काय होणार. तिला तुरुंगात वगैरे धाडू नका, घरी जाऊ द्या. मला तो आवडला.

अपघात झाला तेव्हा कुठे होतात, हे मी विचारलं. ओरडा ऐकून तो थेट थोरल्याच्या नियंत्रण-पेटीकडे धावला होता आणि वीज तोडली होती. पेटी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला. बाकी सगळे पट्ट्याच्या तोंडाशी गोळा झाले होते. डॉक्टर येईपर्यंत तो पेटीपाशीच राहिला.

"मित्राजवळ गेला नाहीत?"

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "जाववलं नाही, बाई."

मग माझ्याकडे न बघता तो बोलत राहिला. "व्हेन्दा काही अडाणी नव्हता. वाकायचा, चिमट्याने उचलायचा, बाहेर यायचा. तेवढा वेळ त्याला नेहमी पुरायचा. त्या दिवशी गुडघ्याने दगा दिला."

मी वाक्य उतरवून घेतलं. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाकडे बघत होते, शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं. त्यातलं काहीतरी खडा लागावा तसं टोचलं खरं, पण काय टोचलं ते फाटक ओलांडेपर्यंत कळलं नाही, आणि ओलांडल्यावरही नाही.

५

ज्या मुलीने फ्रांताची आज्ञावली रचली होती ती गुरुवारी ब्रनोहून गाडीने आली. हेदविका श्रामकोवा. मी तंत्रशाळेत शिकवायचे तेव्हा एक वर्ष माझ्या वर्गात होती, अजून मला नुसतं 'बाई' म्हणते. चेहरा पांढराफटक. पहिलंच वाक्य, "बाई, माझं काही चुकलंय का?"

आम्ही दोघी पेटीच्या पडद्यासमोर बसलो. ही आज्ञावली म्हणजे शब्दांची जंत्री नसते, चित्र असतं. प्रत्येक काम म्हणजे एक ठोकळा: पकड, उचल, वळ, ठेव. प्रत्येक ठोकळ्यातून दोन रेघा निघतात. हिरवी म्हणजे काम झालं, पुढच्या ठोकळ्याकडे जा. लाल म्हणजे बिघाड झाला. ती लाल रेघ कुठे न्यायची हे रचणाऱ्याने ठरवायचं. 'पकड' ठोकळ्याची लाल रेघ 'थांब' या ठोकळ्याला जोडलेली, आणि 'थांब'मधून बाहेर पडायला एकच वाट, हिरवं बटण. मी मंगळवारपासून हेच चित्र बघत होते. ते बरोबर होतं.

हेदविका एकेक रेघ तपासत गेली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ माझी नाही."

मी म्हटलं, बरोबर जोडलेली आहे की.

"जोडलीय बरोबर. पण माझी नाही. मी बिघाडाच्या सगळ्या रेघा ठोकळ्यांच्या खालून नेते, म्हणजे हिरव्या रेघांत गुंता होत नाही. तुम्हीच ओरडला होता एकदा, लाल रेघा मध्ये लोळवू नका म्हणून. ही बघा, दोन ठोकळ्यांच्या डोक्यावरून सरळ ओढलीय."

आम्ही धाकट्याची पेटी उघडली. तेच चित्र, तेच ठोकळे. तिथे ती रेघ खालून गेली होती.

बदल कधी झाला हे पेटीने सांगायला हवं होतं. पण पोलिसांच्या तंत्रज्ञाने नक्कल घेताना सगळं चित्र पुन्हा साठवलं होतं, त्यामुळे पेटीला आता त्याच्याच भेटीची तारीख आठवत होती. आणि बदल कोणी केला हे विचारायची सोय पहिल्यापासूनच नव्हती. परवलीचा शब्द पेटीच्या झाकणावर चिकटपट्टीने लावलेला, सगळे तोच वापरायचे.

"पण बाई," हेदविका म्हणाली, "बरोबर जोडलेली रेघ तोडून पुन्हा बरोबरच कशाला जोडेल कोणी?"

"कारण मधल्या काळात ती बरोबर नव्हती."

हे बोलले आणि कालपासून टोचणारा खडा हाताला लागला. मी हेदविकाला विचारलं, लाल दिवा लागल्यावर फ्रांता किती वेळ थांबतो?

"किती म्हणजे? बटण दाबेपर्यंत. कोणी दाबलंच नाही तर जन्मभर."

धाकट्याचा पिंजरा रिकामा करून, वाडगी येणं बंद करून, आम्ही एक प्रयोग केला. तयार ठोकळ्यांच्या कप्प्यात एक ठोकळा असतो, थोडं थांब आणि पुढे जा असं सांगणारा. हेदविकाने लाल रेघ तोडली, तो ठोकळा मध्ये बसवला आणि त्याची दुसरी बाजू बटणानंतरच्या वाटेला जोडली. लहान मुलाने रंगीत विटा जोडाव्यात इतकं सोपं. मग फ्रांताच्या पकडीला रिकाम्या हवेत वाडगं पकडायला लावलं.

लाल दिवा लागला. भोंगा वाजला, दोन-चार श्वास. मग गप्प. दिवा विझला, आणि हात आपणहून वळला. बटणापाशी कोणी नव्हतं.

खोकी बांधणाऱ्या बायका एकेक करून मागे वळल्या होत्या. यर्मिलाच्या हातातली चिकटपट्टी तशीच लोंबत होती.

"तोच," ती म्हणाली. "तोच आवाज."

६

ठोकळा कोणी बसवला असेल हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवला. पेटी हाताळू शकणारे चौघे होते: हेदविका, डायरेक्टर पेलिकान, लुमीर आणि खुद्द व्हेन्देलीन. बसवायला कोणीही बसवला असेल. खरा प्रश्न दुसरा होता. तो काढला कोणी?

सोमवारी सकाळी भोंगा दोन-चार श्वास वाजून थांबला होता, म्हणजे ठोकळा तेव्हा जागेवर होता. पोलिसांच्या तंत्रज्ञाने पाहिलं तेव्हा तो नव्हता. मधल्या वेळात पेलिकान गावात दातांच्या डॉक्टरकडे होते, हेदविका ब्रनोला. स्तेफाला लोकांनी खांबापाशीच धरून ठेवलं होतं. मेलेला माणूस रेघा ओढत नाही. आणि पेटीपाशी, सगळ्यांची पाठ असताना, एकच माणूस उभा होता. त्याने स्वतःच मला तसं सांगितलं होतं. वीज तोडली होती ती फ्रांताच्या हाताची. पेटीचा पडदा चालूच राहतो.

त्याहून मोठा पुरावा त्याच्या तोंडचा होता. तेवढा वेळ त्याला नेहमी पुरायचा. नियमाप्रमाणे चालणाऱ्या फ्रांतापाशी 'तेवढा वेळ' असा काही नसतोच, तिथे वेळेला टोक नाही. टोक आहे हे फक्त ठोकळा बसवणाऱ्यालाच ठाऊक असणार.

मी पुन्हा कुबाटच्या अंगणात गेले. सरपण रचून संपलं होतं, लुमीर आता कुंपण दुरुस्त करत होता. मी त्याला उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि खिशात टाकले.

"त्याने मागितलं होतं?"

"नाही. मी दिलं. साठीची भेट म्हणून." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "फाटकावर बसवणार होते त्याला. लोकांच्या पिशव्या तपासायला. आयुष्यभर काच केलेला माणूस. थांबण्यात वेळ जातो म्हणून. मग म्हटलं, ती बाई येईपर्यंत उभंच कशाला राहायचं? मी वेळ मोजून ठेवला होता, बाई. त्याच्या पायाच्या हिशेबाने. वर थोडा जास्तच. आमची पाळी संपली की रोज काढूनही ठेवायचो."

व्हेन्दा खूप हसला होता, तो म्हणाला. मग पाळी पुन्हा पहिल्या नंबरावर आली तेव्हा व्हेन्दाने लुमीरला बिअर पाजली होती.

"आणि स्तेफा?"

"तिची मी बाजू घेतली. तुम्ही ऐकलंत."

"तिने केलंच नाही, हे सांगितलं असतंत तर बाजू घ्यायची गरज पडली नसती."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत लाज नव्हती, हे मला अजून खुपतं. फार तर थकवा होता.

"तिला ते आज ना उद्या परत धाडणारच होते," तो म्हणाला. "तिचं इथे होतंच काय? मला इथे राहायचंय. हिच्यासमोर."

त्याने मान वळवली. ब्लाझेना दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात त्याच्यासाठी आणलेली सुपाची वाटी होती. मला वाटलं, ती आता वाटी टाकेल, किंचाळेल, त्याच्यावर धावून जाईल. तिने वाटी त्याच्या हातात दिली.

"निवेल," ती म्हणाली, आणि मग मला, "तुम्ही जा आता."

७

लुमीर झाकने सगळं कबूल केलं. न्यायालयाने मित्रप्रेम आणि वय बघून शिक्षा स्थगित ठेवली. त्याला पाळीप्रमुखाच्या जागेवरून काढून फाटकावरच्या खोलीत बसवण्यात आलं. खानावळीत त्याच्यासाठी अजून जागा धरतात. पेलिकान यांनी साक्ष दिली की त्यांनी असला ठोकळा बसवायला कधीही सांगितलं नव्हतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. पट्ट्याच्या तोंडाला आता झडप लावली आहे. बटणापाशी माणूस मात्र दिलेलं नाही.

ब्लाझेनाला मी एकदा बाजारात गाठलं. तिने तोंड फिरवलं नाही, हे विशेष.

"लुमीरने जे केलं ते व्हेन्दासाठी केलं," ती म्हणाली. "मला एक माणूस गेल्याचं दुःख होतं. तुम्ही दोन घालवलेत."

मी म्हटलं, तिसरंही एक होतं, ज्याच्या तोंडावर तुम्ही थुंकलात.   तिने सेलरीचे गड्डे निवडायला घेतले.

स्तेफाला पासपोर्ट परत मिळाला त्याच दिवशी एजन्सीने तिचं काम संपल्याचं कळवलं. निर्दोष ठरली म्हणून परत कामावर घेण्याची काही तरतूद त्यांच्याकडे नव्हती. तिची जागा केव्हाच भरली होती. मी तिला चौकातल्या बसथांब्यावर गाठलं. पूर्वेकडची बस यायला अवकाश होता. मी तिला सगळं सांगितलं, ठोकळा, रेघ, लुमीर. 

"म्हणजे दिवा आपला आपण विझत होता," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं होतं."

मग तिने मला विचारलं, तसा कागद मिळेल का? तिच्या खेड्यात बातमी आधीच पोचली होती. एजन्सीतल्या कोणीतरी घरी कळवलं होतं की हिने माणूस मारला. सासूने तिच्या मुलींना शेजाऱ्यांशी बोलू देणं बंद केलं होतं. हिने माणूस मारला नाही, एवढंच लिहिलेला एक कागद. जास्त काही नको.

मी कचेरीत फोन केला. आमच्या साहेबांनी समजावून सांगितलं की आपण दोषी कोण ते लिहितो, निर्दोष कोण ते लिहायचा आपल्याकडे नमुना नाही, आणि ती बाई निकालात आरोपी नव्हतीच, मग तिच्या नावाने पत्र काढणार कसं?

थांब्याच्या बाकावर बसून मी माझ्या वहीचं पान फाडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं की अमुक गावच्या अमुक बाईचा व्हेन्देलीन कुबाट याच्या मृत्यूशी काहीही संबंध नाही, तिने बटण दाबलं नव्हतं आणि ती पहिल्यापासून खरं बोलत होती. खाली सही केली, नाव, हुद्दा.

स्तेफाने तो कागद दोन्ही हातांत धरून ओठ हलवत वाचला. मग उलटून पाठची बाजू बघितली.

"शिक्का?" तिने विचारलं.

मी नकाराची मान हलवली.

वळणावर बस दिसायला लागली होती. स्तेफाने कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि पिशवी उचलली.